ओला दाणा

ताप आल्यामुळे ताकेंगोनजवळच्या गावात माझा मुक्काम लांबला. सुमात्राच्या गायो डोंगराळ मुलखातलं, लाउत तावर तळ्याच्या वरच्या अंगाचं हे गाव. पडवीत पडून मी कॉफी वाळताना पाहायचे. इथे दाणा पुरता सुकण्याआधीच त्याचं टरफल काढतात. हवा पावसाळी, वाळवण रेंगाळतं आणि हातात पैसा लवकर हवा असतो. ताडपत्रीवर पसरलेला तो उघडा, निळसर हिरवा, ओला दाणा पाहून मला उगाच काळजी वाटायची.

घरधनीण तो हलक्या हाताने परतत राही. 2005च्या शांतता करारापूर्वी हा मुलूख ज्यात येतो त्या आचे प्रांतातल्या संघर्षात इथल्या कितीतरी बागा ओस पडल्या होत्या. 2010मध्ये गायो कॉफीला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव दूरवर गेलं. भाव मात्र न्यूयॉर्कच्या बाजाराकडे पाहूनच ठरतो. उष्मा वाढला की इथल्या अरेबिका कॉफीला आणखी उंची लागते, आणि वर तर जंगल आहे.

तिच्या मुलाला शिकायला मेदान शहरात जायचंय. त्याने खूप शिकावं असं मला वाटतं. त्याने परत यावं असंही वाटतं. तो परतेल का, हे तिला विचारवलं नाही. पण परतणाऱ्याला बागेवर नीट जगता यायला हवं, एवढं मनापासून वाटतं.