हिल रोडचा नाताळ बाजार आणि आमची मुले

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत दर रविवारी मुले जमतात. गेल्या डिसेंबरात ६ तारखेची चैत्यभूमीवरची सेवा आटोपली आणि मुलांनी टुमणे लावले, "वांद्र्याचा नाताळ बाजार दाखवा." काही पालक म्हणाले, "दुसऱ्यांच्या सणात आपले काय काम?" आम्ही म्हटले, सण त्यांचा असला तरी रस्ता सर्वांचा आहे, आणि शेजाऱ्याविषयी अज्ञान असणे हे काही भूषण नव्हे. अखेर नऊ मुले, त्यांच्यापैकी दोघांच्या आया आणि आम्ही उभयता असे चेंबूरहून निघालो. प्रत्येक मुलाकडून वीस रुपये जमा केले होते. खर्च एकत्र आणि मतही एकत्र, असे आधीच ठरले होते.

वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला उतरलो. पश्चिमेला बाहेर पडून एस. व्ही. रोड ओलांडला की हिल रोड सुरू होतो. एरवी कपडे आणि चपलांसाठी प्रसिद्ध असलेला हा रस्ता डिसेंबरात लाल-हिरवा होऊन जातो. घंटा, झिरमिळ्या, प्लॅस्टिकची झाडे, कापसाच्या दाढीचे सांताक्लॉज. हा सांता म्हणजे मुळात चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावचे बिशप संत निकोलस, हे ऐकून मुलांना नवल वाटले. एका ठिकाणी पाव किलो कलकल घेतले. साखरेत घोळलेले ते तळीव वळे मुलांनी शंकरपाळ्याचे भाऊबंद ठरवून टाकले.

सेंट पीटर्स चर्चच्या अलीकडे एका मावशींचे दुकान होते. मांडव काय, तो एक पलंग आणि वर ताडपत्री. तिच्यावर गोठ्याचा देखावा मांडला होता. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, उंटावरचे तीन ज्ञानी आणि मधोमध बाळ. मावशी चक्क मराठीत बोलू लागल्या तेव्हा मुले चकित झाली. त्यांनी सांगितले, "आम्ही इथलेच." खरेच आहे. साष्टीतले हे कोळी आणि शेतकरी पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. गोवा-मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. घरातली बोली मात्र मराठीच राहिली.

"बाळ गोठ्यात का?" आमच्यातल्या सर्वांत लहान मुलाने विचारले. मावशींनी गोष्ट सांगितली. राजाज्ञेने शिरगणती होती. आईबाप नाव नोंदवायला दूर बेथलेहेमला गेले, तेथे उतरायला त्यांना जागा मिळाली नाही. बाळाला गव्हाणीत निजवावे लागले.

मुलगा चटकन म्हणाला, "म्हणजे त्यांनाही आडनाव विचारलं?"

मावशींना प्रश्न कळला नाही. आम्हाला कळला. मागच्याच वर्षी त्याच्या वडिलांना एका इमारतीत खोली जवळजवळ ठरली होती. आडनाव ऐकल्यावर ती 'आधीच गेलेली' निघाली. आम्ही त्याला समजावले की तेथे कारण गर्दीचे होते, जातीचे नव्हे. तेव्हा आठवीतली मुलगी म्हणाली, "पण बाबासाहेबांना बडोद्यात जातीमुळेच काढलं ना?"

ही गोष्ट मुलांना अभ्यासिकेत शिकवलेली आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. ते उघड होताच काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्यांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनाही आपले घर उघडता आले नाही. मग गाडीच्या वेळेपर्यंत त्यांनी सार्वजनिक बागेत वेळ काढला. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

ख्रिस्ती स्नेह्याचा उल्लेख त्या मुलीनेच केला. आम्हाला अवघडल्यासारखे झाले, कारण समोर मावशी ऐकत होत्या. त्यांनी समर्थन केले नाही की विषय बदलला नाही. काही वेळ त्या गवत सारखे करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाईट केलं त्याने." आणि दमलेल्या मुलांकडे पाहून त्यांनी पलंगावरची खोकी बाजूला सारली. "बसा रे पोरांनो, जागा आहे." लगेच पाण्याची बाटलीही पुढे आली. मुले दाटीवाटीने बसली आणि त्याच बाटलीने आळीपाळीने पाणी प्याली. आमच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहता येत नव्हते, याची त्या क्षणी आठवण झाली.

आम्ही मूर्ती घेतली नाही. ती आमची वाट नव्हे. मुलांनी एकमताने बांबूच्या कामट्यांचा कागदी तारा घेतला. मावशींनी कामट्या कशा बांधतात, कागद कोठे दुमडतात, हे न विचारता दाखवले. पुढे बुद्धपौर्णिमेला त्याच पद्धतीने मुलांनी अकरा कंदील स्वतः केले. पहिल्याचा एक कोपरा वाकडा झाला, तरी तोच अभ्यासिकेच्या दारात लावला.

वाचकांपैकी कोणास मुलांसह जायचे असल्यास सकाळी लवकर जावे, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मुलांचे हात धरावेत, आणि त्यांच्या प्रश्नांना खरी उत्तरे द्यायची तयारी ठेवावी. त्या लहानग्याच्या वडिलांचा खोलीचा शोध मात्र अजून चालूच आहे.