ठिणगीचे ओहम

ठिणगीचा रेझिस्टन्स किती, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कोणत्या क्षणीचा? अजिंठ्यातल्या माझ्या खोलीत पसारा थोडा आहे: दोन पितळी गोळे, मधे 3 मिलिमीटर हवा, 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तांब्याच्या जाड पट्ट्या. दहा किलोव्होल्टच्या आसपास हवा फुटते. क्षणापूर्वीची पक्की इन्सुलेटर, आणि अर्ध्या मायक्रोसेकंदात तिच्यातून तीन हजार अँपिअर वाहतात.

ऑसिलोस्कोपवर हा करंट हेलकावे खात ओसरतो. दोन मायक्रोसेकंदांना एक हेलकावा, म्हणजे सर्किटचा इंडक्टन्स साधारण एक मायक्रोहेन्री. खरी गंमत ओसरण्यात आहे. साधा रेझिस्टर असता तर प्रत्येक शिखर आधीच्याच्या ठराविक प्रमाणात खाली आलं असतं. ठिणगीची शिखरं जवळपास सरळ रेषेत उतरतात. झोपाळ्यावर बसून पाय जमिनीला घासत ठेवले की झोका असाच दर खेपेला सारख्या मापानं तुटतो. करंट वाढला की तापलेल्या हवेची नळी रुंदावते, त्यामुळे ठिणगीवरचा व्होल्टेज करंटला फारशी दाद देत नाही. समजा तो 100 व्होल्ट आहे. मग 3000 अँपिअरला 0.03 ओहम आणि 300 अँपिअरला 0.3! ठिणगी तीच. अगदी सुरुवातीला, नळी तयार होत असताना, टॉपलरचं सूत्र कामी येतं: रेझिस्टन्स गॅपच्या लांबीच्या सम आणि तोवर वाहून गेलेल्या चार्जच्या व्यस्त प्रमाणात.

मात्र ओसरण्यात पट्ट्यांचा आणि कपॅसिटरचाही वाटा असतो. तो काढायला मी गॅप बदलत जातो आणि सारख्याच करंटजवळची घट ताडून पाहतो. गॅपबरोबर वाढते ती हवेच्या नळीची. आलेखाची रेघ शून्य गॅपपर्यंत मागे ओढल्यावर उरते ती सर्किटची आणि गोळ्यांच्या पृष्ठभागालगतच्या थराची. कंटाळवाणं काम आहे, पण याशिवाय काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही.

वैशाखात इथं हवा 42 अंशांवर गेली की ती 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ होते. त्यात डोंगराची उंची. तेवढ्याच गॅपला ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते. पुस्तकातले तक्ते समुद्रसपाटीवरच्या 20 अंशांचे, म्हणून आधी थर्मामीटर आणि बॅरोमीटर वाचायचे, मग चार्जिंग. गोळ्यांवर धूळ असतेच. पहिल्या काही ठिणग्या ती जाळण्यात जातात, त्या वहीत लिहीत नाही. काम संपलं की अर्थिंगची कांडी कपॅसिटरला लावून तशीच ठेवतो, मीटर शून्य दाखवत असला तरी.