खालाच्या गावाला जाणारी गाडी

लोणारजवळच्या एका खेड्यात आमची खाला राहते. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जालना आणि सिंदखेड राजा या मार्गाने ते अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आरामात पोहोचतो. पण माझी अम्मी सहा वर्षे आपल्या सख्ख्या बहिणीला भेटली नव्हती. खालूंचे निधन झाले तेव्हाही ती जाऊ शकली नाही. दोघी बहिणी फोनवर रडल्या, इतकेच.

कारण सांगायला अम्मीला लाज वाटायची. तिचे गुडघे वाकत नाहीत. मधुमेहामुळे तासा-दीड तासाने लघवीला जावे लागते आणि रस्त्यावरच्या बहुतेक संडासांत खाली बसावे लागते. म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून ती पाणीच बंद करायची. एकदा अशीच जालन्याला एका लग्नाला जाऊन आली आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने चार दिवस दवाखान्यात पडून राहिली. त्यानंतर कुठेही चल म्हटले की तिचे एकच उत्तर असे, "नक्को बेटा, मैं घरमेंच अच्छी हूं."

भगिनींनो, हे दुखणे एकट्या अम्मीचे नाही. मी शिक्षिका आहे. शाळेच्या सहलीत मुलांच्या बाटल्या दुपारपर्यंत रिकाम्या होतात आणि मुलींच्या तशाच भरलेल्या परत येतात. हे मी दरवर्षी पाहते. मुली कशाला घाबरतात ते त्यांना विचारावे लागत नाही.

माझा धाकटा भाऊ मोटार मेकॅनिक आहे. त्याने एक जुनी मारुती इको घेतली आणि म्हणाला, "आपा, हिला आपण फिरते घर बनवू." मोबाइलवर त्याने अशा गाड्या पाहिल्या होत्या. त्यांत लाकडी भिंती, छोटा फ्रीज, रंगीत दिवे, ओटा, सगळे काही असते. मी वहीचे एक पान फाडले आणि त्यावर चारच शब्द लिहिले: चढणे, बसणे, पाणी, पडदा. आधी हे, बाकीचे नंतर. तो हसला, पण कागद त्याने गॅरेजच्या भिंतीवर चिकटवला.

कामाला लागण्यापूर्वी कायद्याची बाजू समजून घेतली. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रात लिहिलेली गाडीची मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. सीट काढणे किंवा छप्पर उंच करणे आपल्या मर्जीवर नाही. म्हणून आम्ही एकही सीट काढली नाही आणि पत्र्याला एकही भोक पाडले नाही. मागच्या सीटच्या पाठीमागे जी मोकळी जागा आहे तिच्यात बसेल अशी प्लायवूडची पेटी केली. ती पट्ट्यांनी घट्ट बांधलेली असते आणि दहा मिनिटांत बाहेर काढता येते.

चढण्यासाठी आठ इंच उंचीची लाकडी पायरी केली आणि ती घसरू नये म्हणून तळाला जुन्या टायरचे रबर ठोकले. बसण्याचा प्रश्न निराळा निघाला. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. आमच्या गाडीत त्याची धग आत येत होती आणि थोडा धुराचा वासही येत होता. भावाने सीट उचलून दाखवले, तर झाकणाच्या कडेची रबरी पट्टी वाळून तडकली होती. ती बदलली आणि धग निम्म्याने कमी झाली. जुनी गाडी घेणाऱ्याने सजावटीआधी अशी रबरे पाहावीत. त्यांच्यावर खर्च फार होत नाही आणि आराम मोठा मिळतो.

पाण्याचे उत्तर मला पाणचक्कीने दिले. दरवर्षी मी मुलांना तिथे नेते. शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून तिथवर आणले आहे. ते उंच भिंतीवर चढते आणि वरून कोसळून चक्कीचे पाते फिरवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की फकीर आणि यात्रेकरूंसाठी धान्य दळत असे. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी गावात हे शहर वसवले आणि पुढे नहर खोदली. पाणी आपल्या उगमाची उंची विसरत नाही, ही एकच गोष्ट या शहराच्या जुन्या कारागिरांनी नीट ओळखली होती. वर्गात हे शिकवताना माझ्या मनात आले की मग आपल्या गाडीत मोटर कशाला?

आम्ही वीस लिटरचा कॅन पेटीच्या वर, कमरेच्या उंचीला पट्ट्याने बांधला आणि त्याला लहान तोटी बसवली. बस्स. धार बारीक येते, पण हात धुवायला आणि वुजूला पुरते. पहिल्या दिवशी धार मध्येच थांबली, कारण झाकण घट्ट लावले होते. पाणी बाहेर पडायचे तर हवा आत जावी लागते. आता झाकणाला बारीक छिद्र आहे. एक मजा सांगते. घरच्या नळावर माझा वुजू चार-पाच लिटरवर जातो, हे मी खाली बादली ठेवून मोजले. या तोटीवर तो एका लिटरमध्ये होतो. आपले प्यारे नबी (स.) एक मुद्द, म्हणजे जेमतेम पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट गाडीने करून दाखवली.

पाणी जास्त घ्यायचा मोह टाळावा. एक लिटर म्हणजे एक किलो. चाळीस लिटर पाणी म्हणजे गाडीत आणखी एक शाळकरी मूल बसवल्यासारखे आहे आणि ते ओझे टपावर ठेवले तर वळणावर गाडी कलते. ओझे शक्य तितके खाली असावे. आमचा एकच कॅन उंचावर असतो आणि तोही एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना खाली उतरवतो.

शेवटचा शब्द होता पडदा. इकोचे मागचे दार वर उघडते, तेच आमचे छप्पर झाले. दाराच्या कडांना अडकणारा जाड ताडपत्रीचा पडदा शिवून घेतला. तो तिन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत येतो. आत औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची घडीची खुर्ची, तिच्या भांड्यात पिशवी आणि पिशवीत लाकडाचा भुसा. शेजारी लोटा, साबण आणि वर तोटी. ओल शोषली जाते, वास येत नाही. पिशवीचे तोंड बांधून ती झाकणाच्या बादलीत ठेवायची. घरी आल्यावर आतले संडासात आणि पिशवी कचऱ्यात. रस्त्याच्या कडेला काहीही टाकायचे नाही, हा आमच्या गाडीचा पहिला नियम आहे.

परीक्षेसाठी म्हैसमाळ निवडले. दौलताबाद आणि खुलताबादवरून अंतर चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे काही बिघडले तर घर जवळ. अम्मी आली, पण पाणी न पिताच आली. दौलताबादच्या तटातल्या जुन्या दरवाजातून गाडी घाटाला लागली. खुलताबादला तिने खिडकीतूनच दर्ग्यांकडे पाहून हात उठवले. "तुझ्या अब्बांसोबत इथे बैलगाडीतून आले होते," ती म्हणाली. आम्ही सगळे खूश होतो.

म्हैसमाळच्या चढावर वास आला. जळक्या प्लॅस्टिकचा. मग मागच्या पेटीतून धूर दिसला. भावाने गाडी कडेला घेतली, मी अम्मीला पायरीशिवायच खाली ओढले. तिचा गुडघा दुखावला, ती कळवळली. भावाने पेटी उघडून हाताला कापड गुंडाळले आणि बॅटरीची तार उपटून काढली. आग लागली नाही. अल्लाहचे आभार.

चूक आमचीच होती. पंखा आणि दिव्यांसाठी एक जुनी मोटारीची बॅटरी मागे ठेवली होती. तिच्यापासून निघालेली तार पत्र्याच्या धारदार कडेवर घासत राहिली, तिचे आवरण फाटले आणि वीज थेट पत्र्यात शिरली. आणि आम्ही फ्यूज बसवला नव्हता! "छोटा पंखा आहे, दीड-दोन अँपिअर ओढणार, त्याला फ्यूज कशाला," असे आम्ही म्हणालो होतो. पण फ्यूज हा पंख्याला वाचवण्यासाठी नसतो, तारेला वाचवण्यासाठी असतो. पंखा थोडी वीज मागतो. तार पत्र्याला चिकटली की बॅटरी जवळ असेल तेवढी सगळी वीज एकदम सोडते. नहरीचा बांध फुटावा तसे ते असते.

त्या रात्री भाऊ जेवला नाही. "आपा, मेकॅनिक मी आहे. अम्मीला मीच बसवले होते," एवढेच तो म्हणत राहिला. मला वाटले, आता अम्मी कधीच गाडीत बसणार नाही. सकाळी तिने शेक घेत घेत विचारले, "ठीक केली का रे?"

दोन महिने लागले. आता बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, दहा अँपिअरचा फ्यूज आहे. जिथे तार पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे आहे आणि सगळी तार नळीतून फिरवली आहे. बॅटरीही बदलली. जुन्या शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना ज्वलनशील वायू निघतो, बंद गाडीत ती ठेवायला नको होती. नवी लिथियम फेरो फॉस्फेटची, 12 व्होल्ट आणि 40 अँपिअर-तासांची आहे. हिशेब मुलांनाही करता येईल: 12 गुणिले 40 म्हणजे 480 वॅट-तास. वीस वॅटचा पंखा आठ तास म्हणजे 160, दोन दिवे चार तास म्हणजे 40, दोन मोबाइल 30. एकूण 230, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ही बॅटरी निघण्यापूर्वी घरीच भरून घेतो. चालकाच्या हाताला लागेल असे एक किलोचे अग्निशामक नळकांडे ठेवले आहे. गॅसची टाकी मात्र गाडीत ठेवायचीच नाही असे ठरवले. मराठवाड्याच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. चहा थर्मासमध्ये आणि जेवण डब्यात नेतो.

बनवण्याचे कौतुक सगळे करतात, सांभाळण्याचे कोणी करत नाही. म्हणून आमची यादी देते. निघण्याच्या सकाळी, गाडी थंड असताना, पाचही चाकांची हवा. स्टेपनी विसरू नये. कूलंट आणि ब्रेक ऑइलची पातळी. पेटीचे नट आणि पट्टे, कारण लाकूड खडखडून सैल होते. नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का. परत आल्यावर कॅन रिकामा करून, धुऊन, झाकण उघडे ठेवून वाळवायचा. पडदा उन्हात सुकवायचा, नाहीतर बुरशी धरते. तोटीखालचा पत्रा कोरडा पुसायचा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. आणि कोणी गाडीत झोपणार असेल तर इंजिन बंद, खिडकी दोन बोटे उघडी. चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

नोव्हेंबरच्या एका रविवारी, फजरनंतर, आम्ही खालाच्या गावाला निघालो. समृद्धी महामार्ग मुद्दाम टाळला. तिथे वाटेल तिथे थांबता येत नाही आणि आम्हाला तर थांबायचेच होते. जुन्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या होत्या. जालन्याच्या अलीकडे एका लिंबाखाली पहिला पडदा लागला. मी बाहेर उभी राहिले. अम्मी आतून बाहेर आली, हात धुतले, ओढणी सारखी केली आणि काहीच बोलली नाही. सिंदखेड राजाला, जिजाऊंच्या गावी, चहासाठी थांबलो. तिथे दुसऱ्यांदा पडदा लागला. या वेळी तिने स्वतःच सांगितले.

गाडी पुन्हा रस्त्याला लागली. भाऊ आरशातून मागे बघत होता, पेटीकडे, सवयीने. मी खिडकीतून बाहेर बघत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "बेटा, पानी दे."

मी बाटली दिली. अम्मीने ती तोंडाला लावली आणि अर्धी रिकामी केली. भावाने गाडीचा वेग थोडा कमी केला आणि बाहीने डोळे पुसले.

खाला दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिलाही उठता येत नव्हते. भावाने आमची पायरी तिच्या खुर्चीशेजारी ठेवली आणि अम्मीला तिच्यावर बसवले.