अस्वलासाठी तेवीस न्यायाधीश



माझा भाचा कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत अस्वलाच्या शिकारीला जाऊन आला. पाठीवर तंबू आणि शिधा, गाडीरस्ता संपल्यावर दोन दिवसांची चढण, वर पाऊस, आणि पाचव्या दिवशी एक काळं अस्वल. त्यानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला आणि शब्बाथ सुटल्यावर एकच गलका झाला. लोदच्या मामींनी विचारलं, "हे खायचं कोणी? आपल्यात चालतं का?" कोणी शाबासकी दिली. कोणी लिहिलं की दाविदानंही अस्वल मारलं होतं. शेवटी भाच्यानं मलाच विचारलं, "मावशी, तू विदर्भात होतीस ना? तू सांग."

त्याला फोनवर थोडक्यात सांगितलं. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी त्याची बाजू मांडते. त्यानं परवाना काढला होता. तिथल्या कायद्याप्रमाणे काळ्या अस्वलाचं खाण्याजोगं मांस डोंगरातून खाली आणावंच लागतं, ते त्यानं खांद्यावरून आणलं. अस्वलाचं पित्ताशय विकायला तिथे बंदी आहे. का, ते पुढे येईल. तपकिरी ग्रिझली अस्वलाची हौशी शिकार त्या प्रांतानं २०१७ साली बंदच केली. तेव्हा त्यानं कायदा कुठेही मोडलेला नाही. मामींचा मुद्दाही बरोबर आहे. अस्वलाला दुभंगलेले खूर नाहीत आणि ते रवंथ करत नाही, म्हणजे आपल्याला वर्ज्य. आणि गोळीनं मारलेलं तर हरीणसुद्धा आपल्याला चालत नाही.

आता दावीद. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात तो शौल राजाला सांगतो की बापाची मेंढरं राखताना सिंह आणि अस्वल कळपातलं कोकरू उचलून नेत, तेव्हा मी मागे धावून ते त्यांच्या तोंडातून सोडवत असे. म्हणजे अस्वल कळपावर आलं होतं. दावीद अस्वलाच्या घरी गेला नव्हता.

हा फरक आपल्या जुन्या विद्वानांनी फार बारकाईनं पाहिला आहे. मिश्नाच्या सान्हेद्रिन भागात, पहिल्याच अध्यायात, लांडगा, सिंह, अस्वल, चित्ता, साप यांची यादी येते आणि म्हटलं आहे की त्यांना मृत्युदंड द्यायचा तर तेवीस न्यायाधीशांचं न्यायालय हवं. माणसाच्या जिवाचा खटला जितक्यांसमोर चाले, तितक्यांसमोरच अस्वलाचाही! रब्बी एलिएझर म्हणतात, एवढं कशाला, जो आधी मारील त्याचं पुण्य. रब्बी अकिवा मात्र म्हणतात, नाही, तेवीसच पाहिजेत. पुढे अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाउ यांना एका धनिकानं विचारलं की माझ्या मालकीची जंगलं आहेत, मी बंदूक घेऊन शिकारीला जाऊ का? त्यांनी कळवलं की हिंस्र जनावर वस्तीत आलं तर गोष्ट वेगळी; पण त्याच्या रानात जाऊन त्याचा पाठलाग करणं हा नुसता मनाचा छंद आहे. तनाखात शिकारी म्हणून दोघेच भेटतात, निम्रोद आणि एसाव. पोटासाठी करणाऱ्याला त्यांनी दोष दिला नाही. पण शिकारीत शिकाऱ्याचाही जीव धोक्यात असतो, हेही त्यांनी बजावलं.

हा शेवटचा मुद्दा मला वॉर्डात कळला.

माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते, म्हणून नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर मी अमरावतीकडच्याच एका सरकारी रुग्णालयात लागले. उत्तरेला मेळघाट. सातपुड्यातले गाविलगडचे डोंगर, साग, बांबू, खोल नाले आणि कोरकूंची गावं. १९७४ साली तिथे व्याघ्रप्रकल्प झाला, पण आमच्याकडे येणारे लोक वाघापेक्षा अस्वलाला जास्त भीत. माणसाची चाहूल लागली की वाघ बहुधा बाजूला होतो. अस्वलाची नजर अधू. त्याचे वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात नसतात. वारूळ फोडलं की त्या फटीतून ते वाळवी जोरात ओढून घेतं आणि तो आवाज लांबवर जातो. त्या नादात माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. मग ते दचकतं आणि पळण्याऐवजी अंगावर येतं. मागच्या पायांवर उभं राहून पंजा मारतं तो चेहऱ्यावर आणि डोक्यावर. नराचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं, आणि नखं वारूळ खणायला घडलेली, बोटाएवढी लांब.

साहेबांच्या काळात याच सातपुड्यात अस्वलाची शिकार हा मोठा षौक होता. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ साली पचमढीला गेला. मध्य भारतातल्या डोंगरांवरचं त्याचं पुस्तक १८७१ साली निघालं. त्या काळच्या अशा पुस्तकांतून शिकारीची रीत समजते. रात्रीच डोंगर चढायचा आणि गुहेच्या वरच्या अंगाला, वारा तोंडावर घेऊन बसायचं. रात्रभर चरून अस्वल पहाटे परततं, तेव्हा नेम धरायचा. नाहीतर हाकेकऱ्यांकडून रान उठवायचं. जखमी अस्वल कपारीत शिरलं तर त्याच्या मागे जाणं हे सगळ्यात अवघड काम, आणि तिथे वाट दाखवायला पुढे असे तो गोंड किंवा कोरकू माणूस. पुस्तकावर नाव साहेबाचं आहे. पुढे चालणाऱ्याचं नाव शोधून पाहा, क्वचितच सापडतं.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे थांबलं. अस्वल आज त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्याच पंगतीला आहे. पण मी पाहिलेली शिकार त्यानंतरची, १९८६ च्या एप्रिलमधली.

मोहफुलांचे दिवस होते. बायका पहाटे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण फुलं रात्री गळतात आणि उन्हं वर आली की सुकायला लागतात. अस्वलालाही तीच फुलं आवडतात आणि तेही त्याच वेळी येतं. अशा एका पहाटे तिशीतल्या एका बाईला अस्वलानं गाठलं. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं परतवाड्याला, तिथून आमच्याकडे. डोक्याची कातडी कपाळापासून मागे सोलली गेली होती. सुदैवानं कोणा शहाण्यानं ती कापून न टाकता ओल्या स्वच्छ धोतरात जशीच्या तशी गुंडाळून आणली होती. आम्ही सलाइननं कितीतरी वेळ जखम धुतली, माती आणि केस वेचून काढले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, रेबीजची लस सुरू केली. डॉक्टरांनी कातडी परत बसवली आणि ती जगलीदेखील. हे मुद्दाम लिहिते आहे. जंगलाजवळ राहणाऱ्या कोणावर असा प्रसंग आला तर लोंबणारी कातडी तोडू नका, ओल्या स्वच्छ कापडात झाकून आणा.

तिसऱ्या दिवशी तिचा दीर त्याच वॉर्डाशेजारी पुरुषांच्या खोलीत दाखल झाला. उजवा डोळा गेला होता. त्याच्याबरोबर आणखी एक, त्याचा दंड फाटलेला. ड्रेसिंग करताना दिरानं मला सगळं सांगितलं.

बाईला जीपमध्ये घातल्यावर गावातले आठ जण कुऱ्हाडी, भाले आणि दोन कुत्री घेऊन निघाले. माग काढणं त्यांना नवं नव्हतं. फोडलेली वारुळं, मोहाच्या खोडावरचे ओरखडे, फुलांनी भरलेली विष्ठा. माग नाल्यानं वर गेला. एप्रिल असल्यानं नाला कोरडा, दगड असे तापलेले की हात टेकवत नव्हता, आणि बरोबरचं पाणी दुपारीच संपलं. कड्याखाली एका कपारीसमोर कुत्री थांबली आणि पुढे जाईनात. त्यांनी तोंडाशी वाळलं गवत पेटवून धूर केला. अस्वल समोरून आलंच नाही. कपारीला बाजूनं दुसरी वाट होती, तिथून ते निघालं आणि दीर नेमका त्या बाजूला उभा होता. दुसऱ्यानं कुऱ्हाड मारली, ती दगडावर बसली. अस्वल दोघांना लोळवून कडा चढून गेलं. उरलेल्या सहा जणांना दोघांना उचलून खाली आणायला रात्र झाली. शिकार तिथेच संपली.

हे सगळं मी बाईला सांगितलं. तिचा चेहरा पट्ट्यांत होता, बोलायला त्रास होत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तिच्या पाठीवर दोन पोरं होती, सिस्टर. मी पाहिली ना. पोरं होती म्हणून तर ती आली अंगावर. मला कोणी विचारलंच नाही."

अस्वलाची मादी पिलांना पाठीवर घेऊन महिनोन् महिने हिंडते, हे त्या आठही जणांना ठाऊक होतं. पिलांची आई कोणाच्या मागे लागत नाही, तिला वाट दिली तर ती निघून जाते, हेही ठाऊक होतं. पण घरातल्या बाईला रक्तबंबाळ पाहिल्यावर माणूस काय विचार करणार? मी त्यांना दोष देत नाही. मला त्यानंतर रब्बी अकिवांचे तेवीस न्यायाधीश कळले, एवढंच. इतके न्यायाधीश हवेत म्हणजे साक्षीदाराला बोलावून विचारावं लागेल. इथे साक्षीदार एकच होती, आणि ती जीपमधून निघून गेली होती.

आपल्यातलेच रूबेन डेव्हिड आठवतात. अहमदाबादचे बेने इस्राएल, आधी शिकारी. मग बंदूक सुटली, ते स्वतःच्या अभ्यासावर जनावरांचे डॉक्टर झाले आणि १९५१ साली त्यांनी कांकरिया तलावाकाठी प्राणिसंग्रहालय उभं केलं. १९७५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लेखिका एस्थर डेव्हिड त्यांची मुलगी. जनावर पकडायला आणि मारायला जी नजर लागते, तीच त्याला बरं करायला उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं.

आता सिंगापूरचं. मुलाकडे राहायला आल्यापासून नाइट सफारीत आपल्याकडचं अस्वल दोनदा पाहिलं, काचेपलीकडे निवांत. या भागाचं स्वतःचं अस्वल वेगळं. छातीवर सोनेरी चंद्रकोर असलेलं, जगातलं सगळ्यात लहान. मलायी लोक त्याला 'बेरुआंग' म्हणतात. त्याला शास्त्रीय नाव दिलं ते १८२१ साली, ज्यानं सिंगापूर वसवलं त्या रॅफल्सनंच. सुमात्रात बेंकुलेनला त्यानं असं एक अस्वल पाळलं होतं. ते मुलांबरोबर वाढलं, जेवणाच्या टेबलाशी यायचं, आणि त्याला मँगोस्टीन व शँपेनच लागे, असं त्यानं लिहून ठेवलं आहे.

त्याच अस्वलाला मलेशिया-इंडोनेशियाच्या डोंगरांत तारेचे फास लावतात, पुष्कळदा पित्तासाठी. चिनी वैद्यकात अस्वलाचं पित्त तेराशे वर्षांपासून आहे. माझ्या मजल्यावरच्या एक चिनी आजी गेल्या वर्षी एक छोटी बाटली घेऊन आल्या. तळाशी काळपट चुरा. त्यांच्या वडिलांच्या वेळची. नवऱ्याच्या यकृताच्या पित्तनलिकांना सूज होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही नर्स होता. द्यावं का हे?"

मी म्हटलं, आधी त्यांची औषधं दाखवा. डबीत उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या होत्या. नोकरीत मी त्या हजारोंनी वाटल्या आहेत. 'उर्सस' म्हणजे लॅटिनमध्ये अस्वल. अस्वलाच्या पित्तातलं हे द्रव्य जपानमध्ये १९२७ साली वेगळं करून त्याला नाव दिलं गेलं. पण आता ते कारखान्यात तयार होतं, बहुतेक गाईबैलांच्या पित्तापासून. अस्वलाला हात लावावा लागत नाही. आजींना सांगितलं, "आजोबा अस्वलाचंच औषध घेताहेत, फक्त स्वच्छ आणि मोजून दिलेलं. बाटलीतल्या चुऱ्यात काय आहे ते कोणालाच सांगता येणार नाही." त्या हसल्या. बाटली वडिलांच्या फोटोजवळ परत गेली, आणि माझ्या मते तीच तिची जागा.

त्यांच्या वडिलांच्या काळात दुसरं औषध नव्हतं. दाविदाजवळ कोकरू वाचवायला दुसरा उपाय नव्हता. आज आपल्याजवळ बहुतेक वेळा दुसरा उपाय असतो, तो आहे का एवढं आधी विचारावं. पोट भरायला, जीव वाचवायला अस्वल मारणाऱ्याशी माझं भांडण नाही. नुसती चढण अवघड होती म्हणून मारणं मला पटत नाही, हे मी भाच्यालाही स्पष्ट सांगितलं. डोंगर चढून अस्वल नुसतं पाहून परत येणंही तेवढंच अवघड असतं.

आता तुम्हाला एक काम. आपले पुष्कळ आजोबा-पणजोबा मुंबईच्या पलटणीत होते, रेल्वेत होते, पोलिसांत होते. जुन्या ट्रंकेत एखादा शिकारीचा फोटो असेल: साहेब, मेलेलं जनावर, बाजूला आपला माणूस, आणि मागे उघड्या पायांनी उभे असलेले पाचसहा जण. घरात वडीलधारं कोणी असेल तर मागच्यांची नावं आजच विचारून घ्या आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवा. जखमी अस्वलाच्या मागे कपारीत तेच शिरत असत.