ओटीचे गाळे

दिघ्यातलं आमचं घर आज्यानं बांधलेलं. पुढं उंच जोत्यावर ओटी, आत माजघर, कोपऱ्यात भाताची कणगी, मागं पडवी. ओटीला चार सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं. पाहुणा ओटीवर, लग्नाची बोलणी ओटीवर, भावाभावांचं भांडण मिटायचं तेही ओटीवरच.

ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने आले, शेतं गेली. आमचा थोडा तुकडा राहिला, पण त्यात घरापुरता तांदूळही होईना. मुलगी बारावी झाली. तिला डी.एड. करायचं होतं आणि फीला पैसे नव्हते. तेव्हा मी ओटीचे दोन गाळे काढले. जोतं फोडून रस्त्याच्या पातळीला आणलं. कडेचे दोन खांब भिंतीत गेले, एक काढून वर लोखंडी गर्डर टाकला, चौथा किराण्याच्या गाळ्यात तसाच उभा राहिला.

आई म्हणाली, "ओटी गेली त आल्यागेल्याला बसवाचा कुठं?"

मी काही बोललो नाही. पहिल्याच पावसात गाळ्यांत पाणी शिरलं. आज्यानं जोतं उंच का घेतलं होतं ते तेव्हा कळलं.

भाड्यातून फी भरली. मुलगी पुण्यात शिकत होती. एकदा भेटायला गेलो तर तिनं मला दगडूशेठ गणपतीसमोर नेऊन उभं केलं. म्हणाली, "बाबा, हा भिडे वाडा. 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथंच काढली."

मी बघत राहिलो. खाली दुकानं, वर मोडकळीला आलेला मजला. शाळेची काही खूण दिसेना. मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. इथं शाळेच्या जागी दुकानं झाली होती. मी तर पोरीच्या शाळेसाठीच घराची दुकानं केली होती. त्या दुकानदारांचीही पोरं त्याच गल्ल्यावर शिकली असतील. कोणाला बोल लावायचा?

2023 च्या डिसेंबरात, कोर्टाच्या निकालानंतर, महापालिकेनं स्मारकासाठी तो वाडा पाडला. मुलीचा फोन आला. ती आता स्वतः शिकवते. म्हणाली, "बाबा, वाडा गेला. वर्गात पोरींना सांगितलं, तिथं काय होतं ते."

आई शेवटपर्यंत गाळ्याच्या पायरीवर बसायची. येणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायची, "कुनाचा रं तू?" तिनं तिची ओटी पायरीवर चालू ठेवली होती.

मागच्या महिन्यात किराणावाला म्हणाला, "काका, हा खांब आड येतो. काढू का?"

मी म्हटलं, "भाडं दोनशेनं कमी दे. खांब राहू दे."