गेल्सबर्गचे पन्नाशीतले विद्यार्थी

मागच्या उन्हाळी सुट्टीत आपाकडे अमेरिकेला गेले होते. ती इलिनॉय राज्यात पिओरियाला राहते. तिथून 80 किलोमीटरवर गेल्सबर्ग नावाचं गाव आहे. वस्ती साधारण तीस हजार. एका रविवारी दुल्हेभाईंनी गाडी काढली, आपाने बिर्याणीचा डबा बांधला आणि आम्ही निघालो. दोन्ही बाजूंना नुकता उगवलेला मका आणि सोयाबीन, मध्ये सरळ रस्ता. सवारी बघायला निघाली होती अब्राहम लिंकनची जागा. 7 ऑक्टोबर 1858 रोजी तिथल्या नॉक्स कॉलेजच्या इमारतीसमोर लिंकन आणि डग्लस यांचा गुलामगिरीवर गाजलेला वादविवाद झाला. व्यासपीठावर जायला लिंकनना खिडकीतून यावं लागलं, तेव्हा ते हसून म्हणाले की चला, एकदाचे कॉलेजातून पार पडलो! शाळेत न टिकलेल्या माणसाचा हा विनोद तिथे आजही सांगतात. मी शिक्षिका, मला तो फार आवडला.

पण लक्षात राहिलं ते दुसरंच.

रेल्वे स्टेशनजवळ एक जुनं वाफेचं इंजिन ठेवलं आहे. त्याच्या सावलीत बाकावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. माझा दुपट्टा बघून त्यांनी विचारलं, कुठून आलात? भारतातून, भिवंडीहून, असं सांगितलं. तिथे काय बनतं? म्हटलं, कापड, लूमवर. ते म्हणाले, आम्ही फ्रिज बनवायचो.

मेटॅग कंपनीचा फ्रिजचा मोठा कारखाना गावाच्या टोकाला होता. ऑक्टोबर 2002 मध्ये कंपनीने जाहीर केलं की तो बंद होणार आणि काम मेक्सिकोत रेनोसाला जाणार. सप्टेंबर 2004 मध्ये शेवटचा फ्रिज बाहेर पडला. सुमारे 1600 माणसांची रोजी गेली. तासाला 15 डॉलरच्या आसपास मजुरी, वर आजारपणाचा विमा. त्याच वर्षी जुलैमध्ये बॉस्टनच्या भाषणात बराक ओबामांनी या गावाच्या कामगारांचं नाव घेतलं, तेव्हा ते अजून अमेरिकेच्या सिनेटमध्येही नव्हते.

हे गृहस्थ 31 वर्षं त्या कारखान्यात होते. मी विचारलं, मग सरकारने काय केलं? आपल्याकडे हा प्रश्न विचारताना उत्तर आधीच ठाऊक असतं. त्यांनी मात्र बोटं मोजत सांगितलं.

तिथे ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स नावाची योजना होती. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या काळात, 1962 च्या कायद्याने सुरू झालेली. विचार साधा होता: बाहेरच्या देशांशी व्यापार खुला केल्याने सगळ्या देशाला स्वस्त माल मिळतो, पण त्याची किंमत काही ठरावीक गावं मोजतात, तेव्हा त्यांचं देणं देशाने द्यावं. पहिली काही वर्षं अटीच इतक्या कडक होत्या की कुणाच्या पदरात काही पडलं नाही. 1974 च्या कायद्याने त्या सैल झाल्या. तीन कामगारांनी किंवा युनियनने अर्ज करायचा, कामगार खात्याने चौकशी करून मंजुरी द्यायची. मंजुरी मिळाली की कॉलेजची फी, पुस्तकं सरकारची. शिक्षण चालू असेपर्यंत, बेकारी भत्ता धरून, दोन वर्षांपर्यंत आठवड्याला थोडे पैसे. 2002 नंतर विम्याच्या हप्त्यातले 65 टक्केही.

ही खैरात नव्हती, ते म्हणाले, आमचा हक्क होता. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पण अट होती: शिकायला बसायचं, तेही ठरलेल्या आठवड्यांच्या आत. गावातलं कार्ल सँडबर्ग कॉलेज अशा लोकांनी भरलं. हे तेव्हा 52 वर्षांचे. एसी-हीटर दुरुस्तीचा कोर्स घेतला. प्रवेशाआधी गणिताची चाचणी, आणि ते अपूर्णांकांवर अडले. ‘शेजारच्या बाकावर माझ्या मुलाचा मित्र होता. मी वही हाताने झाकून लिहायचो,’ असं म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. माझ्या वर्गात वही झाकणाऱ्या मुलांना मी किती वेळा ओरडले आहे.

पास झाले. चांगल्या मार्कांनी. पण जवळपास तेच काम शिकलेली आणखी माणसं त्याच गावात काम शोधत होती, आणि नवीन कारखाना कुठे आला होता? काम मिळालं ते तासाला दहा डॉलरचं. शिक्षण खरं होतं, मदत खरी होती, नोकरी मात्र कुणी देऊ शकलं नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी 2002 च्या कायद्याने दुसरी वाट काढली होती: कमी पगाराची नोकरी लवकर धरली तर फरकाची निम्मी रक्कम, दोन वर्षांत जास्तीत जास्त 10,000 डॉलर. ती घेतली की वर्ग सोडायचा. हे मला पटलं नाही. घर चालवायचं असेल त्याने शिकू नये, असाच त्याचा अर्थ झाला. पुढे 2009 मध्ये तो नियम बदलला.

आता ही योजनाच राहिली नाही. 1 जुलै 2022 पासून नवे अर्ज मंजूर करणं थांबलं, कारण संसदेने तिची मुदत वाढवली नाही. आज तिथे कारखाना हलला तर कामगारांना सर्वसाधारण बेकारी भत्ता आणि सर्वांसाठीच्या प्रशिक्षण योजना, तेवढंच.

जुहरची वेळ झाली होती. झाडाखाली चटई अंथरून नमाज पढली. ते गृहस्थ टोपी हातात घेऊन बाजूला उभे राहिले. डब्यातली बिर्याणी त्यांनी आधी नको म्हटली, मग दोनदा घेतली. परतताना दुल्हेभाईंनी कारखान्याच्या बाजूने गाडी नेली. कुंपण, आत गवत.

भिवंडीला आल्यावर अब्बांना सगळं सांगितलं. ते लूमवर होते. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा सेठने हिशेब करून पैसे हातावर ठेवले आणि लूम भंगारात गेले. आमचं काम परदेशी गेलं नव्हतं, धंदाच बसला होता, त्यामुळे दोन्हींची तुलना करू नये हे मला कळतं. अब्बांनी फ्रिजबद्दल काही विचारलं नाही, मेक्सिकोबद्दलही नाही. बराच वेळ गप्प राहून म्हणाले, ‘पुस्तकांचेही पैसे दिले? बावन्नाव्या वर्षी?’