आमच्या तोंडचा गोंधळ

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. मधल्या सुटीनंतर आम्ही आठवीच्या वर्गांत पाऊल टाकतों, तों बांकांची ओढाताण व आरडाओरडा चाललेला! आम्हीं टेबलावर पुस्तक आपटलें व ओरडून विचारलें, "हा काय गोंधळ मांडला आहे?" वर्ग चिडीचूप झाला. परंतु शेवटच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला व नम्रपणें म्हणाला, "सर, आमच्या घरचे लोक गोंधळ घालतात. त्यांत सगळें क्रमानें असतें." वर्ग हंसला, तो मुलगा मात्र हंसला नाहीं. तो गोंधळ्यांच्या घरांतला आहे, हें आम्हांस तेव्हां प्रथम कळलें.

त्या रात्रीं आम्हीं मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. त्याची पहिली आवृत्ति १८३१ सालीं निघाली व दुसरी १८५७ सालीं. त्यांत या शब्दाचे दोन्ही अर्थ सांपडले: देवीप्रीत्यर्थ केलेला वाद्यगायनाचा उत्सव, आणि गडबड. आमची चूक कोशाइतकी जुनी निघाली. पण त्यानें त्या मुलाचें दुःख कांहीं कमी होईना.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. पुढें त्याच्या वडिलांनीं एका लग्नघरीं आम्हांस गोंधळ पाहावयास बोलाविलें. चौक मांडला, दिवटी पेटली, संबळावर थाप पडली. आधीं गणाचें नमन, मग ठिकठिकाणच्या देवदेवतांस आमंत्रण, त्यानंतर आख्यान व शेवटीं आरती. वडिलांच्या मागें तोच मुलगा तुणतुणें घेऊन उभा होता.

त्या तुणतुण्याकडे पाहतांना आम्हांस आणखी एक गोष्ट उमगली. एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगणाऱ्यास आपण 'तुझें तेंच तुणतुणें' म्हणून हिणवितों. पण त्या एका तारेच्या आधारानेंच गाणाऱ्याचा सूर ढळत नाहीं. मुख्य गाणाऱ्याच्या ओळीचा शेवट साथीदार लांबवितात, म्हणून दुसऱ्याचें म्हणणें न तपासतां उचलून धरणें म्हणजे 'री ओढणें'. खेळाच्या आरंभींच दिव्यांचें तेल संपूं लागलें, तेव्हां 'नमनाला घडाभर तेल' ही म्हण झाली. कलावंताच्या पोटापाण्याचे शब्द आपण असे थट्टेला लाविले आहेत.

यांतील कित्येक शब्द दूरचे प्रवासी आहेत. 'शाहीर' हा अरबी 'शाइर', म्हणजे कवि. 'तमाशा' हाही मूळचा अरबी. फिरून मौज पाहणें हा त्याचा जुना अर्थ. आपण मात्र बाजारांतल्या भांडणासही तमाशा म्हणतों! अरबी 'दफ्' फारसीच्या वाटेनें आपल्याकडे आला व शाहिराच्या हातीं 'डफ' झाला. तोच शब्द अरबांबरोबर पश्चिमेकडे गेला, आणि स्पेन व पोर्तुगाल देशांत खेड्यांतील स्त्रिया जें चौकोनी चर्मवाद्य वाजवितात, त्याचें नांव 'अदुफे' पडलें. पुण्याचा डफ व स्पेनचा अदुफे हे नांवानें एकाच घरचे. १८९१ सालीं ॲक्वर्थ व शाळिग्राम यांनीं पोवाड्यांचा संग्रह छापला. परंतु त्यापूर्वीं ते पोवाडे गोंधळ्यांच्या मुखीं जिवंत राहिले होते, हें विसरतां येत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, वाक्प्रचार टाकून द्या असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांवांचून मराठी अळणी होईल. परंतु शब्द उच्चारतांना तो कोणाच्या अंगणांतून आला हें ठाऊक असावें, व त्या अंगणांतलें मूल आपल्यासमोर बसलेलें असेल याची आठवण असावी. पालकांसही आमची विनंति आहे कीं, घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडचे असे शब्द मुलांकडून एका वहींत उतरवून घ्यावे.

आमचा वर्ग आजही दंगा करितो. आम्ही दारांत उभे राहून म्हणतों, "मुलांनो, गडबड पुरे!" 'गोंधळ' हा शब्द जिभेवर येतो खरा, पण शेवटच्या बांकाकडे नजर जाते, आणि आम्ही तो गिळून टाकतों.